कोलोरॅडोतील रस्ते, कर्जरोखे आणि माझे पहिले टपाली मतदान

अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यानंतर मी पहिल्यांदा मतदान केले ते कोलोरॅडो राज्यात, नोव्हेंबर 2018 मध्ये. उमेदवारांबाबत माझे मन लवकर ठरले. वेळ लागला तो रस्ते-पुलांसाठी कर्जरोखे काढण्याच्या प्रस्ताव 109 आणि प्रस्ताव 110 या दोन प्रश्नांना.

कोलोरॅडोच्या घटनेत 1992 पासून अशी तरतूद आहे की, मतदारांच्या संमतीशिवाय राज्याला कर वाढवता येत नाही आणि वर्षानुवर्षे फेडायचे कर्जही काढता येत नाही. प्रश्नाची सुरुवात कोणत्या शब्दांनी करायची हेही तिथेच ठरवून दिलेले असल्याने मतपत्रिकेवर रस्त्यांच्या वर्णनाआधी रक्कम येते: 109 मध्ये साडेतीन अब्ज डॉलरचे कर्ज आणि व्याजासह 5.2 अब्जांपर्यंत परतफेड, तर 110 मध्ये 6 अब्जांचे कर्ज आणि 9.4 अब्जांपर्यंत परतफेड. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठीही रस्ते विकास महामंडळाने कर्जरोखेच काढले होते आणि तिथला टोल मी अनेकदा भरला आहे. पण मुद्दल किती, व्याज किती, हे आधी सांगून माझी संमती कोणी मागितली नव्हती.

घरी टपालाने आलेल्या ‘ब्लू बुक’ या सरकारी पुस्तिकेत दोन्ही बाजूंचे युक्तिवाद होते. 109 मध्ये 66 प्रकल्पांची यादी होती आणि करवाढ नव्हती, परंतु हप्ते राज्याच्या चालू अर्थसंकल्पातूनच जाणार होते, म्हणजे शाळा-महाविद्यालयांच्या वाट्यावर ताण येणार हे उघड होते. 110 मध्ये विक्रीकर 20 वर्षांसाठी 2.9 टक्क्यांवरून 3.52 टक्क्यांवर जाणार होता. त्यातील 45 टक्के राज्य महामार्गांना, 40 टक्के शहरे व काउंट्यांना (जिल्ह्यांसारखे विभाग) आणि उरलेले बससेवा, सायकल व पादचारी मार्गांसाठी. विक्रीकराचा भार गरिबांवर अधिक पडतो, हा आक्षेप मला पटत होता. तरीही गॅलनमागे 22 सेंटचा राज्याचा इंधनकर 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून तसाच राहिलेला असताना, आणि फोर्ट कॉलिन्स शहराकडे जाणारा आय-25 महामार्ग लव्हलंड शहराजवळ एका दिशेला दोनच मार्गिकांवर चाललेला असताना, परतफेडीची नवी सोय न सांगता काढलेले कर्ज मला अधिक धोक्याचे वाटले. मी 110 ला होकार आणि 109 ला नकार दिला.

टपालाने मतपत्रिका परत पाठवायच्या लिफाफ्यावर मतदाराची सही नसेल तर मत मोजणीसाठी स्वीकारले जात नाही, आणि मतदानाच्या दिवशी सायंकाळी 7 पर्यंत लिफाफा पोहोचावा लागतो. त्याआधी टपालात टाकला एवढे पुरत नाही. म्हणून मी तो काउंटीच्या मतपेटीत स्वतः नेऊन टाकला.

दोन्ही प्रस्ताव सुमारे 60 टक्के विरोधी मतांनी फेटाळले गेले. पुढे 2021 मध्ये विधिमंडळाने इंधनावर शुल्क लावण्याचा कायदा केला. कर नव्हे, शुल्क असल्याने तो प्रश्न मतपत्रिकेवर आला नाही. पैसा हवा होता हे मला मान्य आहे, पण तो प्रश्नही आम्हा मतदारांना विचारायला हवा होता असे मला आजही वाटते.