कुंडलिका, कयाक आणि "पाणी आठला सुटतं"

कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग केलंय म्हणजे तिथे कयाकही (एकट्याने वल्हवायची चिंचोळी बोट) जमेल असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. मी ऐकलं. उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीयेत, डाव्या हाताने टाइप करतोय, चुका दिसल्या तर सोडून द्या.

आम्ही तिघं, पुण्याहून ताम्हिणी उतरून गेलो. तिघांनाही रोल (उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं) येतो, म्हणजे तलावात येतो. एक कयाक आमची, दोन भाड्याच्या. फोनवर ठरले होते माणशी 2200, सगळं धरून. पोचल्यावर कळलं की "सगळं" म्हणजे फक्त बोट आणि पॅडल. खालून परत आणणारी जीप वेगळी, हेल्मेट वेगळं, आणि नदीत सोबत येणारा सेफ्टीवाला तर "आधी सांगायला पाहिजे होतं ना दादा". भांडून 2900 वर आणलं. पैसे गेले ते गेले, पण जो स्प्रे स्कर्ट (बोटीत पाणी जाऊ नये म्हणून कमरेभोवती घालायचं झाकण) दिला त्याचं इलॅस्टिक इतकं ढिलं होतं की कॉकपिटवर, म्हणजे बसायच्या भोकावर, चढवला की मागून सुटायचा, मागे बसवला की पुढून. "काय नाय होत, ग्रेड दोनचं सोपं पाणी आहे." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पाण्याचं गणित, कारण सगळा घोळ इथेच झाला. पावसाळा सोडला तर कुंडलिकेत जे पाणी वाहतं ते मुळात मुळशी धरणाचं. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तेच. ताम्हिणीच्या रस्त्याने जाताना तो जलाशय दिसतोच, तेच पाणी बोगद्यातून आणि मोठ्या पाइपांतून सह्याद्रीच्या पायथ्याला भिऱ्याच्या वीजघरात येतं, साधारण 500 मीटर खाली. 1927 पासून हे चालू आहे. टर्बाइन फिरवून झालं की ते पाणी रावळज्याच्या बाजूने नदीत सोडतात. म्हणजे पाणी कधी येणार ते वीज कधी बनवणार त्यावर, राफ्टिंगवाल्यांच्या घड्याळावर नाही. आम्हाला सांगितलं "आठला सुटतं". साडेसातपासून आम्ही गोट्यांवर बसलोय, नदीत गुडघाभर पाणी, खडक उघडे, वर ऊन. आलं पावणेदहाला.

येताना आवाज वगैरे काही आला नाही. आधी एक फेसाची रेघ दिसली, तिच्या पुढे सुकी पानं, काटक्या आणि एक निळी स्लीपर, आणि तिच्या मागे दगड एकेक करून गायब व्हायला लागले. दोन तास वाट बघून आमचं डोकं फिरलं होतं, पाणी दिसलं रे दिसलं की आम्ही बोटी टाकल्या. हीच चूक. सोडलेल्या पाण्याचं तोंड वाटेतले डोह भरत भरत पुढे सरकतं आणि आपण पॅडल मारत त्याच्यापेक्षा जोरात जातो. वीसेक मिनिटांत आम्ही पाण्याच्या पुढे निघून गेलो आणि अर्ध्या भरलेल्या नदीत खडक खरवडत चाललो होतो. राफ्ट सगळ्या मागे, त्यांना हे रोजचंच माहीत.

आणि मग ती जागा. मधे खडकांचं बेट, नदीच्या दोन फांद्या. उजवी रुंद, राफ्ट तिकडून जातात. डावी अरुंद, दीड बोटीची रुंदी असेल, वरून बघाल तर पाण्याची गुळगुळीत जीभ दिसते, एकदम स्वच्छ. काठावरचा एक जण हात करून ओरडला, "डावीकडून घ्या, कयाकवाले तिकडूनच जातात!" ही जीभ एका खडकावर जाऊन आपटते. नदी पूर्ण भरली की त्या खडकावर पाण्याची उशी तयार होते आणि ती बोटीला बाजूला सारते. मी गेलो तेव्हा उशी नव्हती, नुसता खडक होता, त्याच्यावर बोटभर पाणी.

बोट आडवी झाली आणि बसली. अशा वेळी खडकाकडे झुकायचं, त्याला मिठीच मारायची, हे मी दहा जणांना शिकवलंय. प्रत्यक्षात मी उलटा झुकलो, वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिकडे. पाणी डेकवर चढलं, तो ढिला स्कर्ट सुटला, बोट भरली आणि माझा हात बोट आणि खडकाच्या मधे. किती वेळ ते सांगता येत नाही, मित्र म्हणतो दहा सेकंद. हात कसा सुटला तेही माहीत नाही. पुढे पोहत गेलो, पाय वर ठेवून, उभं राहायचा मोह झाला तरी राहिलो नाही, तेवढं एक बरोबर केलं. तळाला फटींचे दगड आहेत, पाय अडकला की पाणी तुम्हाला तोंडावर पाडतं, आणि ते कमरेएवढ्या पाण्यातही होतं.

पॅडल वाहून गेलं ते खाली एका राफ्टवाल्या पोराने पकडलं होतं. परत द्यायचे 500 मागितले. 300 दिले.

तर जाणार असाल तर पाणी आल्यावर निदान पाऊण तास बसा, पहिली राफ्ट जाऊ द्या आणि तिच्या मागे निघा. फार उशीरही नको, वरून बंद केलं की नदी तितक्याच पटकन उतरते. बेटापाशी उजवीकडच्या एडीत (खडकाआडच्या शांत पाण्यात) थांबा, उतरून चालत जाऊन डावी फांदी डोळ्यांनी बघा. जायचंच असेल तर खाली थ्रो बॅग (फेकायच्या दोराची पिशवी) घेऊन एक माणूस उभा करा, नाहीतर गपचूप उजवीकडून जा, कुणी काही म्हणत नाही. काठाची झाडं पाण्यात वाकलेली आहेत, वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह थेट त्यांच्यात घुसवतो, फांदी दिसली की आधीपासून आतल्या बाजूला सरका. शेवटचा टप्पा संथ आहे, त्याला ताकद राखून ठेवायची गरज नाही. दुसरी गाडी असेल तर आदल्या संध्याकाळीच खाली लावून ठेवा, जीपचा प्रश्नच मिटतो. पैसे काय काय धरून ते मेसेजवर लिहून घ्या. आणि स्कर्ट स्वतःचा न्या, तोही त्या बोटीला बसतो का ते आदल्या दिवशी लावून बघा.

नदी वाईट नाही. राफ्टमध्ये बसून घरच्यांना घेऊन जा, मस्त आहे. कयाकने मात्र, चालत्या पाण्यात रोल येत नसेल तर अजिबात नाही, मग कोणी कितीही ग्रेड दोन म्हणो.

दुसऱ्या दिवशी बोटांना पट्टी बांधून परत उतरलो, अकराच्या सुमाराला, भरल्या पाण्यात. डावीकडूनच गेलो. तीन सेकंदांत पार.