सूर्यमित्र प्रशिक्षण : अडलं ते फक्त नावापाशी

आयटीआय झालेल्या प्रत्येक मुलीला मी सांगते, सोलरचं काम शिकायचं असेल तर 'सूर्यमित्र' कर. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेला हा ६०० तासांचा निवासी अभ्यासक्रम. फी नाही, राहणं-जेवणही मोफत. पण कागद आधी जमव.

माझं वायरमनचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या. शिवाय दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. प्रशिक्षण केंद्रातल्या साहेबांनी फॉर्म बघितला न बघितला आणि परत सरकवला. "नाव जुळत नाही." मग काय जोडू? म्हणे प्रतिज्ञापत्र आणा. नोटरी करून नेलं, तर म्हणे हे चालत नाही, राजपत्र लागेल, म्हणजे नाव बदलल्याची सरकारी गॅझेटमधली नोंद. राजपत्राचा अर्ज भरायला बसले, तर त्याला विवाह नोंदणीचा दाखला हवा. तो ग्रामपंचायतीत, आणि ग्रामसेवकांकडे तीन गावांचा कारभार. ते भेटेपर्यंत बॅच भरली. माझ्यासोबत फॉर्म भरलेली मुलं आत बसली. त्यांना नाव कधी बदलावं लागत नाही. पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर सगळ्या कागदांची यादी लिहून दिली असती तर? मुलींनी या कामात यावं म्हणायचं आणि दारातच अडवायचं, याचा राग अजून गेलेला नाही. दाखला आणि राजपत्राची प्रत जोडली, तेव्हा त्याच टेबलावर फॉर्म मुकाट घेतला गेला.

म्हणून लग्न ठरलेल्या मुलींनो, लग्न झालं की नोंदणीचा दाखला लगेच काढून ठेवा.

शिकवणं मात्र उत्तम होतं. पॅनेलला बंद करायचं बटण नसतं, ऊन पडलं की तारेत व्होल्टेज आलंच. म्हणून आधी आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, पाडायचा, मगच पॅनेलच्या तारा जोडणारा एमसी४ कनेक्टर सोडवायचा. पॅनेलची वीज डीसी, एकाच दिशेने वाहणारी; तिची ठिणगी घरातल्या एसी विजेसारखी झटकन विझत नाही. हे हातांना इतकं बसलंय की आता छपरावर नवीन पोरांना मीच ओरडते. आणि कामाला तोटा नाही. २०२४ मध्ये घराच्या छपरावर सोलर बसवायची पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

हो, एक राहिलंच. परीक्षा घ्यायला स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्सकडून बाहेरचे परीक्षक येतात. त्यांच्या यादीत तुमचं नाव आधारवरच्यासारखंच आहे ना, ते आदल्या दिवशीच बघा. प्रमाणपत्र चुकीचं छापून आलं तर परत त्याच टेबलापुढे उभं राहावं लागेल.