पणजी ते बेती, ओहोटीच्या वेळी

पणजीच्या फेरीधक्क्यावर पोहोचलो तेव्हा मांडवीला ओहोटी लागली होती. फेरी समोर उभी होती, पण आमच्यासोबतच्या स्वयंसेवकाने आधी उतरण न्याहाळली. कमरेखाली संवेदना नसलेला हा माणूस स्वतः व्हीलचेअर वापरतो. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांग व्यक्तींसाठीचा महोत्सव, भरला. अशा कार्यक्रमांत मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना खुर्ची हाताळायला तो शिकवतो.

भरतीला पाणी वर असतं, थोडंच उतरलं की फेरी लागते. ओहोटीला मात्र एरवी पाण्याखाली असणारा, शेवाळ धरलेला भाग उघडा पडतो. तिथे खुर्ची सरळ तोंडाने खाली नेली, तर बसलेला माणूस पुढे घसरतो आणि ढकलणाऱ्याच्या हाती नुसतं ओझं ओढून धरणं उरतं. म्हणून खुर्ची उलटी फिरवायची. बसणाऱ्याची पाठ नदीकडे, मदतनीस त्याच्या मागे, म्हणजे उताराच्या खालच्या बाजूला. मग एकेक पाऊल मागे टाकत उतरायचं.

फेरीची लोखंडी फळी धक्क्याला टेकते तिथे फट राहते. पुढची छोटी चाकं नेमकी तिथेच अडकतात. उलटं गेलं की मोठी चाकं आधी पार होतात, छोटी नंतर किंचित उचलून घ्यायची. फेरीत गेल्यावर दोन्ही ब्रेक लावायचे आणि दुचाक्यांच्या रांगेपासून बाजूला थांबायचं. पलीकडे बेतीला चढताना तोंड पुढे, बसणाऱ्याने अंग पुढे झुकवायचं, नाहीतर खुर्ची मागे कलंडते.

यातली कुठलीही गोष्ट करण्याआधी त्याचा एक नियम असतो. एका मुलाने घाईत मागून खुर्ची धरली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “बाबा, आधी विचार, मग हात लाव. मी चाक फिरवत असताना तू ढकललंस, तर माझी बोटं आऱ्यांत जातात.” खुर्ची उचलायची झाली तरी तो जागा दाखवून देतो. हात टेकायचे दांडे आणि पावलं ठेवायच्या पट्ट्या बऱ्याच खुर्च्यांत सुट्या असतात. त्यांना धरून उचललं की त्या हातात येतात आणि माणूस खाली. धरायचं ते मुख्य सांगाड्याला.

त्याच्या पिशवीत मोजपट्टी असते. हिशोब साधा आहे: उंचीच्या बारा पट लांबी. १५ सेंटिमीटरची एक पायरी असेल तर रॅम्प किमान १८० सेंटिमीटर हवा. वाटेतल्या एका उपाहारगृहाच्या दोन पायऱ्या भरल्या ३० सेंटिमीटर आणि रॅम्प होता जेमतेम एक मीटर. हवा होता ३६० सेंटिमीटर. मालक म्हणाले, “रॅम्प केलाय की!” यावर त्याने वाद घातला नाही, आकडे कागदावर लिहून दिले. शिवाय दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आणि शौचालयात वळायला दीड मीटरची जागा हवी, हेही त्याच कागदावर. मला भारावून टाकलं ते या नेमकेपणाने. इतक्या जिव्हाळ्याने फूटपट्टी वापरणारा माणूस मी क्वचितच पाहिलाय.

संध्याकाळी मिरामारला. कोरड्या वाळूत साधी खुर्ची पुढे ढकलणं व्यर्थ, छोटी चाकं नांगरासारखी रुततात. मागे कलती करून, उलटी ओढत पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट पट्ट्यापर्यंत न्यायची. तिथे मात्र एकट्यालाही चालवता येते. तासभर तो स्वतःच हात मारत फिरला. दर थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन शरीर वर उचलायचा, काही क्षण तसाच राहायचा. संवेदना नसलेल्या जागी सतत दाब पडला, तर जखम होते आणि कळतही नाही.

परतल्यावर गोड्या पाण्याने चाकं धुतली. खारट पाणी बेअरिंगमध्ये राहिलं की गंज धरतो. छोट्या चाकाच्या आसाभोवती गुंडाळलेले केस आणि वाळू त्याने चिमट्याने काढली, कोरड्या फडक्याने पुसलं, तेलाचे दोन थेंब सोडले. मग उद्याच्या शिकवणीसाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिलं. मुलांना त्याने पूर्ण ओहोटीच्या वेळी धक्क्यावर बोलावलंय.