माझा अनुभव: गाडी एका सकाळी पसंत, बोजा काही उतरेना

सेकंड हँड गाडी बघायला गेलं की लोक आधी बॉनेट उघडतात. मी म्हणते, आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र उघडा. त्यावर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव दिसलं, तर गाडी कितीही मनात भरू दे, पर्सची चेन लावून ठेवा. मालक शपथेवर सांगेल, ‘कर्ज कधीच फिटलंय.’ फिटलंही असेल. पण कर्ज फिटणं वेगळं आणि आरटीओच्या दप्तरी बोजा, म्हणजे कर्ज देणाऱ्याचं ते नाव, उतरणं वेगळं.

मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसते. बोजा चढवणं-उतरवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे दुसऱ्याच्या दारात बसून एका सहीची वाट बघताना माझं डोकं जरा जास्तच तापलं असेल. ते अजून पूर्ण थंड झालेलं नाही.

ड्रायव्हिंग स्कूल, लर्निंग, पक्कं लायसन्स यात सांगण्यासारखं काही नाही. नवी गाडी नको हे आधीच ठरलं होतं. पहिल्या वर्षी ओरखडे पडणारच, ते आधीच ओरखडे असलेल्या गाडीला पडू देत. दीर म्हणाले, “वहिनी, हात बसेपर्यंत एखादी जुनी पंधरा वर्षांची घ्या. ठोकली तरी हळहळ नको.” मी म्हटलं, भाऊजी, गाडीची हळहळ नको हे खरं, पण आत मी बसणार आहे.

म्हणून अट घातली ती वर्षाची. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि सीटबेल्टची पिपाणी आली. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली ती जानेवारी २०२२ पासून. त्याआधीच्या गाड्यांत ती मॉडेलप्रमाणे, व्हेरियंटप्रमाणे असते-नसते, म्हणून डॅशबोर्डवरची अक्षरं स्वतः वाचायची. आणखी एक, किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहेच, पण लागतच नसेल तर जास्त संशय घ्या. कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

सांगलीत गाडी घेताय तर पुराचं विसरू नका. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ ला पुन्हा शहरात शिरलं. मारुती चौक, गावभाग, दत्तनगर इथल्या किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या गाड्या धुऊन-पुसून कुठेतरी गेल्याच असणार. एका डीलरकडे चकचकीत पांढरी गाडी होती, आतून अत्तराचा वास. माझ्यासोबत ड्रायव्हिंग स्कूलच्या ओळखीचे मिस्त्री होते. त्यांनी ना इंजिन बघितलं ना टायर. मागच्या सीटचा बेल्ट धरला आणि ओढत गेले, पार शेवटपर्यंत. वरचा पट्टा काळाभोर, नवा असल्यासारखा. आतून निघालेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मात्र तांबूस मातीची आडवी रेघ. डीलर म्हणाला, “चहा सांडला असंल ओ ताई.” मिस्त्री म्हणाले, “पिलरच्या आत बसून पीत हुता काय?” आम्ही निघालो. बेल्टबरोबर सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज आणि स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ हेही बघायचं. तिथपर्यंत धुणाऱ्याचा हात सहसा पोचत नाही.

शेवटी मिरजेत मिळाली. २०२० ची टियागो, पेट्रोल, एमएच-१० पासिंग, एकच मालक, एसटीतून रिटायर झालेले काका. याच मॉडेलला जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपने (ही संस्था गाड्या धडकवून त्यांची सुरक्षा तपासते) मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ४ स्टार दिले होते, ते माझ्या डोक्यात होतं. आम्ही सकाळी लवकर गेलो, कारण इंजिन थंड असताना चालू करून बघायचं होतं. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर बॉनेटवर हात ठेवला की कळतं. निळा धूर नाही, ऑइलच्या झाकणाखाली पांढरा साका नाही. दारांची रबरं ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघितले, सगळे कंपनीचे. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, तेही जुळले. दंडोबा डोंगराच्या चढावर थांबवून हँडब्रेक धरतो का ते बघितलं, आणि तिथूनच हाफ क्लचवर मी स्वतः गाडी उचलली. बंद पडली नाही! मिस्त्री मागे बसून नुसतं “हूं” म्हणाले. माझ्यासाठी ते शंभरपैकी शंभर.

मग आरसी बघितली. बोज्याच्या रकान्यात फायनान्स कंपनीचं नाव जसंच्या तसं.

काका म्हणाले, “अहो, कर्ज २०२३ ला नील केलंय, एनओसी आहे की.” एनओसी म्हणजे बोजा उतरवायला कंपनीची हरकत नसल्याचा दाखला. होती. प्लास्टिकच्या फाइलमध्ये, घडीसुद्धा न मोडलेली. आरटीओत कधी दिलीच नव्हती, आणि खाली बारीक अक्षरात छापलं होतं की ती तीनच महिने चालते. काकांना कुणी सांगितलंच नाही. कर्ज देताना घरी माणूस पाठवणारे कर्ज फिटल्यावर एक फोन करत नाहीत.

मी पाच हजार विसार दिला आणि पावतीवर लिहून घेतलं: बोजा उतरेपर्यंत पूर्ण रक्कम नाही, उतरला नाही तर विसार परत. हे जरूर लिहून घ्या. मधल्या काळात एक एजंट काकांकडे जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक घेऊन आला होता. “बोजा राहू दे, मी बघतो, तुम्ही फक्त कोऱ्या फॉर्मवर सह्या द्या.” काका पावतीला जागले. तोंडी बोलणं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

कंपनीची सांगलीची शाखा बंद झालेली. कोल्हापूरला जा म्हणाले. काकांना घेऊन एसटीने गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सिस्टीमला क्लोज दाखवतंय, पण ५९० रुपये पेंडिंग आहेत.” कसले? चेक बाउन्सचे. मी विचारलं, बाकी असताना तुम्हीच एनओसी दिली कशी? “ती जुन्या सिस्टीमची आहे मॅडम.” काका खिशात हात घालायला लागले, “देऊन टाकू या ओ, ५९० साठी काय.” मी त्यांचा हात धरला. पैसे द्यायला हरकत नाही, पण खातेउतारा दाखवा आणि पावती द्या. उतारा हेड ऑफिसहून येतो म्हणे. लेखी अर्ज दिला तर पोच द्यायला शिक्का नाही. साहेब कधी मीटिंगला, कधी रजेवर. पुढच्या खेपेला म्हणे, “आधीच्या मॅडम सोडून गेल्या, फाइल त्यांच्याकडे होती.” आमच्या पतसंस्थेत मी असं उत्तर दिलं असतं तर सभासदांनी मला टेबलासकट बाहेर ठेवलं असतं.

तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर प्रत्येक शाखेत लावावाच लागतो. इथेही होता, कुलरच्या मागे. मी कुलर सरकवला आणि फोटो काढला. तिथून चित्र पालटलं. काकांच्या नावाने ईमेल केला, जुनी एनओसी जोडली, आणि शेवटी एक ओळ टाकली: ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. ती धमकी नव्हती, नियमच तसा आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग लोकपाल, आणि तिथे फी लागत नाही. ज्यांचं कर्ज १ डिसेंबर २०२३ नंतर फिटलंय त्यांच्या हातात याहून मोठं हत्यार आहे. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत कंपनीने कागद परत करून नोंदवलेला बोजा काढायचा, आणि तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. काकांचं कर्ज त्याआधीच फिटलेलं, त्यामुळे आम्हाला ते लागू नव्हतं.

मुदत संपायच्या आत फोन आला, एनओसी तयार आहे. ५९० रुपयांचं कुणी नावही काढलं नाही. मी मात्र काउंटरवरूनच उठले नाही. मिस्त्रींनी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप काढून दिला होता, तो पर्समध्ये होता. अक्षर अन् अक्षर लावून बघितलं, तर एनओसीवर मधल्या ‘बी’च्या जागी ८! तो मुलगा म्हणाला, “एवढं चालतं मॅडम.” मी म्हटलं, चालत असेल, तुम्ही दुसरी काढा. काढली. फॉर्म ३५ वर, म्हणजे बोजा उतरवायच्या अर्जावर, त्यांची सही-शिक्का तिथेच उभं राहून घेतला. शिक्का होता तर!

पुढचं सरळ गेलं. गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३० आणि हा ३५ एकदमच दिले. अर्ज ऑनलाइन असतो आणि ओटीपी रेकॉर्डवरच्या मोबाइलवर जातो. काकांच्या गाडीला शोरूममधल्या कुणाचा तरी नंबर लागलेला होता, तो आधी बदलावा लागला. हे विसाराच्या दिवशीच तपासा. ई-चलनंही त्याच दिवशी बघा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे काकांचा बोनस काकांकडे राहतो आणि फरक आपण भरायचा. हो, जुन्या पॉलिसीवर तो बोनस शून्य दिसला तर आदल्या वर्षी क्लेम कशाचा घेतला ते विचारा, गाडी कुठे ठोकलीय ते कळतं.

मोठी रक्कम मी कागद आरटीओत जमा झाल्यावर दिली आणि दहा हजार मागे ठेवले. नवी आरसी आली तेव्हा आधी बोज्याचा रकाना बघितला, मग माझं नाव. रकाना रिकामा होता. त्याच संध्याकाळी मिरजेला जाऊन दहा हजार दिले, आणि दुसरी किल्ली मागून घेतली. काकांना ती कपाटात शोधायला बराच वेळ लागला. पण दोन्ही किल्ल्या घेतल्याशिवाय उठू नका, चिपवाली किल्ली नवीन करायची म्हणजे खिशाला चांगलीच चाट बसते.