टच कीबोर्ड: फोकस घ्यायचाच नाही

विंडोजसाठी मी बनवत असलेल्या टच कीबोर्डमधलं (पडद्यावरच्या कीबोर्डमधलं) फोकसचं, म्हणजे टाइप केलेलं कुठल्या विंडोत जाणार याचं, काम बरंचसं मार्गी लागलंय. कर्सर नोटपॅडमध्ये लुकलुकत असतो, बोट माझ्या 'क'वर पडतं आणि 'क' नोटपॅडमध्येच उमटतो.

फोकस घ्यायचा, आधीची विंडो लक्षात ठेवायची आणि अक्षर पाठवण्यापूर्वी तिला तो परत द्यायचा, ही उठाठेव मी ठेवलीच नाही. विंडो पुढे आणणारं विंडोजचं फंक्शन, सेटफोरग्राउंडविंडो, दर वेळी ऐकतं असं नाही. कधी नुसतं टास्कबारवरचं बटण चमकतं. शिवाय फोकस क्षणभर जरी गेला, तरी समोरचा उघडा मेनू किंवा सूचनांची यादी मिटते. ती परत कोण उघडणार?

म्हणून विंडो तयार करतानाच तिला नोअॅक्टिव्हेट (दाबली तरी सक्रिय होऊ नये) आणि टॉपमोस्ट (सगळ्यांच्या वर राहावी) या एक्स्टेंडेड स्टाइल, म्हणजे विंडोने कसं वागायचं ते सांगणाऱ्या खुणा, दिल्या. विंडो सक्रिय करायची का, हे विंडोज मेसेज पाठवून विचारतं. माऊसअॅक्टिव्हेट आणि बोटासाठीचा पॉइंटरअॅक्टिव्हेट, दोन्ही मेसेजना उत्तर एकच: अॅक्टिव्हेट होणार नाही. खरी गोम बटणांत आहे. विंडोजचं साधं बटण दाबलं की ते स्वतःवरच सेटफोकस करतं, म्हणजे फोकस ओढून घेतं, आणि स्टाइलची सगळी मेहनत पाण्यात जाते. त्यामुळे चाइल्ड कंट्रोल, म्हणजे विंडोच्या आतलं खरं बटण वगैरे, एकही नाही. अख्खा कीबोर्ड एकाच विंडोवर रंगवतो आणि बोट कुठल्या चौकोनात पडलं ते कोड ठरवतो.

इमोजी शोधायची चौकटही अशीच खोटी, नुसती रंगवलेली. तिच्यातला कर्सरही मीच लुकलुकवतो. ती उघडी असेपर्यंत अक्षरं बाहेर न जाता आतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जमा होतात.

अक्षरं पाठवायला सेंडइनपुट हे विंडोजचं फंक्शन, युनिकोड फ्लॅग लावून. त्यामुळे कळ नाही, थेट अक्षरच जातं आणि सध्याचा कीबोर्ड लेआउट कुठला याची फिकीर नाही. कंट्रोल-सीसारख्या जोड्यांना मात्र व्हर्च्युअल-की कोड, म्हणजे कळांचे क्रमांक, लागतात. त्यातल्या चारही घटना (दोन्ही कळा दाबणं आणि सोडणं) सेंडइनपुटच्या एकाच कॉलमध्ये पाठवा. मध्ये दुसरं इनपुट घुसत नाही.

घोडं अडलंय ते अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या विंडोंपाशी. कमी अधिकारांच्या प्रोग्रॅमने जास्त अधिकारांच्या विंडोत ढवळाढवळ करू नये म्हणून विंडोजमध्ये असलेलं यूआयपीआय हे संरक्षण तिथे इनपुट अडवतं, आणि त्याच्यामुळे अडलं हे सेंडइनपुट सांगतही नाही. उपाय म्हणजे मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमची माहिती विंडोजला देणाऱ्या फाइलमध्ये) यूआयअॅक्सेस ही परवानगी मागणं, पण त्याला डिजिटल सही हवी आणि माझा प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'सारख्या सुरक्षित फोल्डरमध्ये हवा. आपल्या मशीनपुरतं सहीसाठी स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट विश्वासार्ह यादीत घालून भागतं. इतरांना वाटायचं तर विकत घ्यावं लागेल, आणि छंदापायी तेवढं करायची माझी तयारी नाही. तूर्त अशी विंडो समोर आली की कीबोर्ड करडा होतो.

आता यूआय ऑटोमेशन, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते इतर प्रोग्रॅमना कळवणारी विंडोजची सोय, हिचा फोकस बदलल्याचा इव्हेंट ऐकून कीबोर्ड आपोआप वर आणायचं काम हातात घेतोय.