तांबट सापडला एकदाचा

फेब्रुवारीत सकाळी चहा ठेवला की खिडकीतून टुक टुक टुक सुरू व्हायचं, एका लयीत, न थांबता. मला वाटायचं मागच्या बिल्डिंगचा पंप बिघडलाय. आई राहायला आली होती, ती म्हणाली अगं पंप कसला, तांबट पक्षी आहे तो, तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा आवाज ना! झालं, आता तो बघितल्याशिवाय चैन पडेना.

पण सापडेल तर शपथ. आवाज समोरच्या पिंपळातून येतोय म्हणून तिकडे बघावं तर तो आंब्यातून यायला लागतो. नंतर कळलं की हा पठ्ठ्या ओरडताना मान इकडून तिकडे वळवतो आणि चोच बंदच, नुसता गळा फुगवतो. त्यात चिमणीपेक्षा जरासा मोठा आणि अंगाने हिरवा. दोन आठवडे रोज पंधरा मिनिटं गॅलरीत उभी राहिले, मिळालं काय तर शिंजीर, बुलबुल, कोकिळेची ठिपकेवाली मादी (कुहू ती करत नाही, ते काळ्या नराचं काम) आणि कढीपत्त्यावर एक पक्ष्याची शीट, जी काडीने काढायला गेले तर हलली आणि डोक्यातून दोन शिंगं काढून घाण वास सोडला! फुलपाखराची अळी होती. राहू दिली, कढीपत्ता काय भाजीवालीकडेही मिळतो.

मग एका रविवारी मैत्रीण आणि मी साडेसहालाच ठाण्याचं येऊरचं जंगल गाठलं. काटेसावरीला एक पान नाही, नुसती लाल फुलं आणि त्यावर साळुंक्या, पोपट, कोतवाल यांची भांडणं. तिथे गळ्यात दुर्बीण घातलेले एक काका भेटले, म्हणाले, ताई पानात काय शोधताय, सगळ्यात वरची वाळकी फांदी बघा, सकाळी उन्हाला तिथे येऊन बसतो. आणि खरंच होता की! कपाळ लाल, गळा पिवळा, खाली छातीवर परत लाल पट्टा, पाय पण लाल, एवढुशा पक्ष्याला एवढे रंग म्हणजे लग्नाला निघाल्यासारखा.

घरी येऊन पहिलं काय केलं तर कंपाउंडमधल्या शेवग्याकडे बघितलं, ज्याला मी मेलेलं झाड म्हणून कधी मोजलंच नव्हतं. शेंड्यावर साहेब हजर. पुढच्या आठवड्यात त्याच वाळक्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक, ड्रिलने पाडल्यासारखं, आणि खाली भुसा.

नेमकी तीच फांदी सोसायटीच्या छाटणीच्या यादीत. सेक्रेटरी काकांना म्हटलं पिल्लं उडेपर्यंत थांबा ना, तर म्हणे कोणाच्या गाडीवर पडली म्हणजे? तिच्याखाली फक्त माझीच स्कूटर असते. ती आता गेटजवळ उन्हात उभी असते, सीट इतकी तापते की दुपारी फडकं टाकून बसावं लागतं.