ज्याचा भाव विचारू नये अशी कामं

आपल्याकडे कुणाला नवा नाद लागला की पहिला प्रश्न ठरलेला : "त्यातनं सुटतंय किती?" शिवण शिकलं तर ऑर्डरी घे, रोपं केली तर विकायला काढ. प्रश्न काळजीपोटीच येतो, पण त्या वाटेने गेलं की बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात ड्युटी संपवून घरी आलेल्या माणसाची संध्याकाळसुद्धा गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाते. म्हणून निदान एक काम तरी विकायचं नाही असं ठरवून घ्यावं. ते निवडायला माझी चाळणी अशी : रोज किंवा ठरल्या दिवशी थोडं थोडं करता यावं, दोन-तीन वर्षांनी पहिल्यापेक्षा उपयोगी व्हावं आणि दुसऱ्याच्या हाती देता यावं. खाली जी कामं दिली आहेत ती या चाळणीतून उतरलेली आहेत. ट्रेकिंग, फोटोग्राफी वगैरेंची यादी कुठेही मिळते.

पावसाची वही हे माझ्या लेखी पहिल्या नंबरचं काम. आपला बेळगाव जिल्हा त्यासाठी मुद्दाम आखल्यासारखा आहे. कणकुंबी-जांबोटीकडे झड लागलेली असते, त्याच आठवड्यात अथणी-रायबागचे शेतकरी आभाळाकडे बघत बसलेले असतात. बेळगावात पडला म्हणून आपल्या शिवारात पडलाच असं नाही. आपला आकडा आपणच घ्यायचा.

दोन लिटरची सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली घ्या. ती जिथे निमुळती व्हायला लागते तिथे कापा, वरच्या भागाचं झाकण काढून तो उलटा आत बसवा. हे झालं नरसाळं. कडेने चिकटपट्टी लावा. बाहेरून पट्टी चिकटवून मिलिमीटर वाचा असं बरेच जण सांगतात, पण बाटलीचा तळ खळग्यांचा असल्याने थोड्या पावसाचा आकडा हमखास चुकतो. त्यापेक्षा पाणी ओतून मोजा. कापलेल्या तोंडाचा आतला व्यास १० सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटीमीटर होतं, म्हणजे एक मिलिमीटर पावसाला ७.८५ मिलिलिटर पाणी. सुई काढलेल्या सिरिंजने किंवा औषधाच्या मापाने पाणी मोजायचं आणि ७.८५ ने भागायचं. १५७ मिलिलिटर निघालं तर पाऊस २० मिलिमीटर. व्यास वेगळा असेल तर क्षेत्रफळ एकदा काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

जागा चुकली तर बाकी सगळं फुकट. झाड, भिंत किंवा पत्र्याची शेड जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली हवी. तोंड जमिनीपासून फूटभर वर ठेवा, नाहीतर फरशीवरचे शिंतोडे आत उडतात. गच्ची सोयीची वाटते, पण तिथल्या वाऱ्याने थेंब तोंडावरून निघून जातात आणि आकडा कमी येतो. बाटली चार विटांच्या मध्ये बसवली की कलंडत नाही. खानापूरच्या पश्चिमेला मोठ्या पावसात ती भरून वाहू शकते. तिथे संध्याकाळीही एकदा मोजून रिकामी करा आणि सकाळच्या आकड्यात तो मिळवा.

हवामान खातं सकाळी साडेआठला आकडा घेतं, आपणही तीच वेळ पाळावी. तो आकडा मागच्या चोवीस तासांचा असतो आणि त्या सकाळच्या तारखेला लिहायचा. पाऊस नसेल तर शून्य लिहा, मोजायचं राहिलं तर आडवी रेघ मारा. वही बिघडते ती इथेच. गावाला गेलेल्या दिवसांपुढे शून्य पडलं की महिन्याची बेरीज खोटी होते, आणि ते नंतर कुणाला कळतही नाही. २.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात. तारखेशेजारी नक्षत्राचाही रकाना ठेवा. शेतकरी मृग, आर्द्रा, तरणा (पुनर्वसू), म्हातारा (पुष्य) असंच बोलतात, आणि दर नक्षत्राची तेरा-चौदा दिवसांची बेरीज काढली की तीन-चार वर्षांत उघडीप कुठे पडते ते दिसायला लागतं. घरासाठीही हिशेब सरळ आहे : एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर १० मिलिमीटर पडला तर सव्वानऊशे लिटरच्या आसपास पाणी, त्यातलं थोडं वाया जातं. टाकी किती मोठी बांधायची हे गवंड्यापेक्षा वही नीट सांगेल.

दुसरं काम बियाणं राखण्याचं. एका वेळी एकच वेल घ्या. दोडका घ्या म्हणतो, कारण त्याची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणजे नोकरदाराच्या वेळेला. (लाल भोपळ्यासाठी पहाटे उठावं लागतं.) संकरित पाकिटातलं बी राखण्यात अर्थ नाही. पुढच्या पिढीत फळं नाना तऱ्हेची येतात. जुनं गावठी बी कुणाकडे तरी मागावं लागेल आणि ओळखी तिथूनच होतात.

दोडका आपल्या शेजारच्या दोडक्याशीच नाही, घोसाळ्याशीही संकर करू शकतो. म्हणून परागण हाताने करायचं. दुपारी उद्या-परवाच्या नाही, त्याच संध्याकाळी उमलतील अशा फुगलेल्या, पिवळ्या पडलेल्या कळ्या शोधा. मादी कळीच्या मागे बारीक दोडका दिसतो, नर कळी नुसत्या देठावर असते. दोन्हींची टोकं सैलसर दोऱ्याने बांधा. संध्याकाळी नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मादी फूल सोडवून त्याच्या मधल्या भागावर पराग हलकेच लावा. मग ते परत बांधा, नाहीतर पाठोपाठ मधमाशी दुसरा पराग आणते. देठाला लाल दोरा बांधून ठेवा, कारण घरातलं कुणीतरी तेच फळ भाजीला तोडतं. नर फूल शक्यतो दुसऱ्या वेलाचं घ्या आणि पाच-सहा वेल तरी ठेवा. एकाच वेलावर पिढ्यान्‌पिढ्या बी धरलं की वाढ खुंटते.

फळ वेलावरच वाळू द्या. हलवल्यावर आत बी वाजलं पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्यात वाळायला आलेलं फळ बुरशीने जातं, त्यामुळे बियांसाठीची लावण जानेवारी-फेब्रुवारीत करावी, म्हणजे मे अखेरपर्यंत फळं हाती येतात. काळं, भरीव बी निवडून सात-आठ दिवस सावलीत वाळवा. उन्हातून उचलून गरम गरम बरणीत भरू नका. आत दमटपणा धरतो आणि बी कुजतं. चाळलेली कोरडी राख मिसळून काचेच्या बरणीत ठेवा, वर वाण, वर्ष आणि कुठून आणलं याची चिठ्ठी. पावट्या-वालाला भुंगा लागतो, त्यांना किलोला चमचाभर एरंडेल चोळून ठेवा. पेरण्याआधी २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर उबेला ठेवा. १४ उगवल्या तर निर्धास्त पेरा, १० च्या खाली आल्या तर बी दाट टाका आणि यंदा नवं बी धरायचंच हे ध्यानात ठेवा. देताना अट एकच घालावी : एक मूठ न्यायची, पीक आल्यावर दोन परत करायच्या. कुणी पाकीट करून विकायला सांगेल. तसं केलंत की तक्रारी, पावत्या आणि ठरलेल्या तारखा सुरू, मग ते दुकान झालं.

तिसरं काम ऐकून काहींच्या कपाळावर आठी पडेल. कन्नड अक्षरं वाचायला शिका. सीमाप्रश्नावरची मतं जिथे आहेत तिथेच राहू द्या. शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो, बसची पाटी बहुतेक कन्नडमध्ये असते, आणि दरवेळी दुसऱ्याला विचारणं हा आपलाच तोटा. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, ळ सुद्धा आहे. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ हे दोन स्वर तेवढे आपल्याकडे वेगळे नाहीत. रोज चार अक्षरं घेतली तर दोन आठवड्यांत संपतात. अडतं ते दोन ठिकाणी. द, ध आणि थ एकाच घाटाचे आहेत, फरक मधल्या टिंबाचा आणि चिरेचा. प, ष, व यांचंही तसंच. दुसरी अडचण जोडाक्षरांची : आपण पहिलं अक्षर अर्धं करतो, कन्नडमध्ये पहिलं पूर्ण लिहून दुसरं त्याच्या खाली लटकवतात, आणि रफार तर अक्षर झाल्यावर पुढे येतो. पुस्तकापेक्षा पाट्यांवर शिका. खानापूर, निपाणी, चिकोडी ही नावं आधीच पाठ आहेत, त्यामुळे अक्षर चुकलं की लगेच कळतं. मग घरचा उतारा काढून नुसती नावं आणि सर्व्हे नंबर वाचायला घ्या. शेजारचं कन्नड पोरगं शिकवायला बसलं तर त्याला बदल्यात देवनागरी शिकवा. फी नको.

आणि रक्तदान. याला तासभर पुरतो, पण वर्षाचं वेळापत्रक हवं. पुरुषांना ९० दिवसांनी, बायकांना १२० दिवसांनी पुन्हा देता येतं. वय १८ ते ६५, वजन ४५ किलो किंवा जास्त, हिमोग्लोबिन १२.५. पहिल्यांदाच देत असाल तर साठीच्या आत. एका वेळी ३५० मिलिलिटर घेतात, वजन ५५ च्या वर असेल तर ४५० सुद्धा. चक्कर येणाऱ्यांतले बरेच जण रिकाम्या पोटी आलेले असतात. तीन तासांच्या आत खाऊन जा, पाणी भरपूर प्या, नंतर दहा-पंधरा मिनिटं बसा आणि त्या दिवशी जड उचलू नका. शिबिरं जयंती-पुण्यतिथीला एकदम होतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रक्तपेढीत तुटवडा पडतो. म्हणून शिबिराची वाट न बघता एप्रिल-मेची एक तारीख आपली आपणच ठरवून पेढीत जावं. इथे "सुटतंय किती" हा प्रश्नच उरत नाही : पैसे घेऊन रक्त देणं आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे.